लॅबवाल्या मामांना, ब्लाऊज शिवणाऱ्या बाईकडून

मामा, नमस्कार. पास झाले हे तुम्हाला फोनवर सांगितलं पण तेव्हा मला धड बोलताच आलं नाही, रडूच यायला लागलं आणि तुम्हीही "बरं बरं ताई, ठेवतो" करत फोन ठेवून दिलात. म्हणून आता लिहितेय. सगळ्यांनी वाचलं तरी चालेल, उलट वाचावंच.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, माझं वय ४१, घरी ब्लाऊज शिवते, दहावी राहून गेलेली ती यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून दिली. मराठी, इतिहास वगैरे होऊन जातं हो, घोडं अडलं होतं विज्ञानाच्या समीकरणांवर. आणि ते आजचं नाही, शाळेपासूनचं. तेव्हा सरांनी पाण्याचं समीकरण संतुलित करायला, म्हणजे दोन्हीकडचे अणू सारखे करायला, फळ्यापाशी उभं केलं, डावीकडे हायड्रोजन दोन, ऑक्सिजन दोन, उजवीकडे पाण्यात ऑक्सिजन एकच, मग मी बिनधास्त पाण्यालाच अजून एक ऑक्सिजन चिकटवला, एचटूओटू! सरांनी वर्गाला विचारलं, कोण कोण पिणार हिचं पाणी? झालं, वर्षभर माझं नाव पाणीवाली. परत कधी हात वर केला नाही मी. यंदा ज्या क्लासला चार हजार मोजले तिथले सर तर त्यांच्याही वरताण, "ताई, या वयात समजून काय करणार, दहा समीकरणं देतो, घोकून टाका." घोकली. आठवड्यात सगळी एकमेकांत कालवली गेली, पैसे मात्र गेले ते गेलेच.

तुमच्या लॅबमध्ये वही द्यायला आले तेव्हा सर जागेवर नव्हते, तुम्ही बीकर धूत होतात. निळा एप्रन, ॲसिडची भोकं पडलेला, डावा खिसा एका टोकाने लोंबणारा (माझं लक्ष आधी तिथेच जातं, धंदाच तो). वही उघडीच होती आणि त्यात पंचवीस वर्षांनी परत तीच चूक. मी पटकन हात ठेवला वर. तुम्ही हात पुसले, माझा हात बाजूला व्हायची वाट बघितलीत, मग बोटाने एकेक अणू मोजलात, इकडे दोन आणि दोन, तिकडे दोन आणि दोन, आणि म्हणालात, "तोल बरोबर आहे ताई. फक्त पाणी नाही झालं, दुसरंच काहीतरी झालं."

तोल बरोबर आहे. एवढंच. पंचवीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, की मोजणी माझी बरोबर होती, चुकली ती वस्तू. घरी जाताना रिक्षात हेच घोळत होतं डोक्यात.

मग ते दुसरं काहीतरी तुम्ही दाखवलंतही. बाटलीतलं पाण्यासारखंच दिसणारं ते हायड्रोजन पेरॉक्साइड परीक्षानळीत थोडं ओतलं, चिमूटभर काळी पूड टाकली, फसफसून वर आलं आणि विझत आलेली काडी तोंडाशी धरल्यावर भक्कन पेटली. "हा तुमचा जास्तीचा ऑक्सिजन, चालला बघा." मी अख्खी हसले त्या दिवशी, स्वतःच्याच पाण्यावर.

आणि मग माझ्याच तोंडून निघालं की मामा, म्हणजे एक बाही उरली म्हणून तीन बाह्यांचा ब्लाऊज शिवायचा नाही, दुसरा ब्लाऊज घ्यायचा शिवायला आणि त्याचं बाकीचं कापड आणायचं. पाणी दोन करायचं, मग हायड्रोजन पण दोन जोड्या लागणार. सूत्रातला खालचा बारका आकडा म्हणजे ब्लाऊजची बेतणी, त्याला हात लावायचा नाही, सूत्राच्या आधी लिहायचा मोठा आकडा म्हणजे नग. तुम्ही म्हणालात, "आता हे तुम्हीच पोरांना शिकवा, मी बीकर धुतो."

त्यानंतर मी तुम्हाला किती छळलं! सिलिंडर संपला की १४.२ किलो गॅस जातो कुठे हे मीच विचारलं होतं. तुम्ही ब्युटेन लिहून दिलंत आणि "बसा सोडवत" म्हणून निघून गेलात. दोन ब्युटेन, तेरा ऑक्सिजन, आठ कार्बन डायऑक्साइड, दहा पाणी, माझं मी काढलं, अर्धा तास लागला पण काढलं. मग वजनं धरली तर १४.२ किलो ब्युटेन जळताना हवेतला जवळजवळ ५१ किलो ऑक्सिजन ओढतो आणि ६५ किलो माल होऊन बाहेर पडतो, त्यात साधारण २२ किलो तर नुसतं पाणी, वाफ होऊन. मी इतकी वर्षं समजत होते जळलं की संपलं. नवऱ्याला सांगितलं तर तो सिलिंडरकडेच बघत बसला.

लव्हाझिये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचंही तुम्हीच सांगितलंत. १७८९ च्या त्याच्या पुस्तकात वस्तुमान अक्षय्यतेची, म्हणजे आधी जेवढं वजन तेवढंच नंतर, ही गोष्ट आहे, आणि १७९४ मध्ये पॅरिसमध्ये त्याचं मुंडकं उडवलं, तेही रसायनशास्त्रासाठी नाही, कर वसूल करणाऱ्या कंपनीत भागीदार होता म्हणून. पण मला लक्षात राहिली ती बायको, मारी-ॲन. त्या पुस्तकातली उपकरणांची चित्रं तिच्या हातची. हे वर्गात का नाही सांगत कुणी?

माझ्याकडे एक मुलगी शिवण शिकायला येते. परवा तिने गळा उलटा कापला, ओरडणारच होते, तोंडापर्यंत आलं होतं, पण आधी म्हटलं, "शिवणीची जागा बरोबर सोडलीस गं." ती बघतच राहिली माझ्याकडे.

विज्ञानात ५८ आलेत मामा. पेढे घेऊन येतेच येत्या सोमवारी, आणि तो एप्रन धुऊन ठेवा. खिसा लावून देते, भोकांना आतून ठिगळ घालते. पैशाचं नाव काढायचं नाही.