पैसे घेऊन बाळाचे फोटो काढणाऱ्याने आधी बाळ धरायला शिकावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शुभेच्छांच्या पानावर गेल्या काही महिन्यांपासून टोपलीत निजवलेल्या, हनुवटीखाली दोन्ही हात घेतलेल्या, अंगावर जेमतेम एखादी जाळीदार पट्टी असलेल्या तान्ह्या बाळांचे फोटो वरचेवर येऊ लागले आहेत. ते मोबाइलवरून घरोघर पोहोचतात आणि आमच्याकडच्या खेड्यांतही बारसे जवळ आले की "अस्सेच फोटो पाहिजेत" अशी मागणी होते. ही हौस मला वावगी वाटत नाही. ज्या घरात आजोबांचा एकुलता एक फोटो निवडणुकीच्या ओळखपत्रावरचा आहे, त्या घराला नातवाचा चांगला फोटो असावा असे वाटणे स्वाभाविकच आहे. पण ही मागणी पुरवायला जे निघाले आहेत, त्यांच्यापैकीच मी एक असल्यामुळे, त्यातली जोखीम मला जवळून दिसली आहे आणि ती लिहून कळवणे मी माझे कर्तव्य समजते.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. जिल्ह्याच्या ठिकाणी एका स्टुडिओत आठ महिने काम शिकले, लग्नाचे अल्बम लावले, पासपोर्टचे फोटो काढले, आणि साठवलेल्या पैशांतून एक जुना कॅमेरा व ५० मिलिमीटरचे भिंग घेतले. गेल्या डिसेंबरात पहिल्यांदा माझ्या एकटीच्या नावावर काम मिळाले. गावातलीच एक मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या भावाने दीड हजार रुपये ठरवले आणि पाचशे रुपये विसार म्हणून हातावर ठेवले. पहिले दहा दिवस सोयर असल्यामुळे कोणी बोलावणार नव्हते, बाराव्या दिवशी बारशाची गर्दी होती, म्हणून चौदावा दिवस ठरला. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बाळ गाढ झोपते आणि पोटात असल्यासारखे अंग मुडपून घेते, त्यामुळे असे फोटो तेव्हाच काढावेत असे मी वाचले होते. वाचले होते तेवढेच. इतके लहान बाळ त्याआधी मी कधी हातात घेतलेले नव्हते, आणि ही गोष्ट पैसे ठरवताना मला कोणी विचारली नाही, मीही सांगितली नाही.

सकाळी नऊच्या सुमारास मी पोहोचले. ओसरीच्या दाराजवळ उजेड चांगला होता. दाराच्या चौकटीला पांढरे धोतर बांधून ऊन मऊ करून घेतले, समोरच्या बाजूने एक पांढरी चादर धरायला लावली, बाजेवर बाजारातून आणलेली नवी टोपली ठेवून तिच्यात शाल अंथरली. फ्लॅश वापरायचा नाही हे मी आधीच ठरवले होते, कारण अचानक चमकले की तान्हे बाळ दचकते आणि दोन्ही हात फाकवून रडायला लागते. इथपर्यंतची तयारी बरोबर होती असे मला आजही वाटते. त्यानंतर मी बाळाचे झबले, टोपडे आणि लंगोट काढायला सांगितले, कारण माझ्या मोबाइलमधल्या नमुन्याच्या फोटोंत बाळे उघडी होती. डिसेंबरातली सकाळ, शेणाने सारवलेली गार जमीन, उघडे दार, आणि टोपलीत उघडे बाळ. मी कोन बदलत होते, भिंग पुढेमागे करत होते, आणि वीसएक मिनिटे कशी गेली ते कळले नाही. बाळ रडले नाही, शांत पडून होते. ते शांत आहे याचा मला आनंदच झाला होता.

मग मी त्याला पालथे करून हनुवटीखाली हात घ्यायला गेले. माझा हात सुटला आणि बाळाची मान एका बाजूला कलंडली. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या काकू चुलीजवळ बसल्या होत्या. त्या कधी उठल्या ते दिसले नाही, पण माझ्या आधी त्यांचा तळवा बाळाच्या डोक्याखाली होता. बाळाला काही झाले नाही. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

नेमके त्याच दिवशी आशाताईंची, म्हणजे गावच्या आरोग्य-स्वयंसेविकेची, चौदाव्या दिवसाची भेट होती. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येऊन बाळ पाहतात. त्यांनी पिशवी खाली ठेवली, हात धुतले, आणि थर्मामीटर काढण्याआधी हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावली, मग तळपायांना लावली. मलाही लावायला सांगितले. पोट गरम होते, पाय गार. "पोट गरम आणि पाय गार म्हणजे लेकरू गारठत चाललं," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी बाळाला टोपडे घातले, आईच्या उघड्या छातीवर अंगाला अंग लावून ठेवले आणि वरून गोधडी टाकली. अर्ध्या तासाने मी पुन्हा पाय चाचपले, तेव्हा ते कोमट झाले होते. तान्हे बाळ आपल्यासारखे कुडकुडत नाही, गारठले की ते उलट गप्प होते, हे मला त्या दिवशी कळले. ज्या शांतपणाचा मला आनंद झाला होता, तो कशाचा होता हेही तेव्हाच कळले.

हे ज्ञान दूरदेशीचे नाही, आपल्याच विदर्भातले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी कशी काळजी घ्यायची ते शिकवले, बाळाला ऊब देणे हा त्यातला एक मुख्य भाग होता, आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून तीच पद्धत आशाताईंच्या घरभेटींच्या रूपाने देशभर आली. ज्या मातीतून हे शिक्षण साऱ्या देशात गेले, त्याच मातीत आम्ही छायाचित्रकार परक्या नमुन्यांवरून बाळे उघडी करून टोपलीत निजवतो, याचे मला फार वाईट वाटते. त्या नमुन्यांच्या मागे बंद खोली असते, ती मुद्दाम गरम केलेली असते, आणि बाळ हाताळण्याचे शिक्षण घेतलेला माणूस तिथे असतो. फोटोत यातले काहीच दिसत नाही.

हनुवटीखाली हात घेतलेल्या त्या प्रसिद्ध फोटोविषयी मला नंतर जे समजले ते प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवे. चौदा दिवसांचे बाळ आपले डोके असे पेलूच शकत नाही. मान सावरायला तिसरा-चौथा महिना उजाडतो. जाणकार छायाचित्रकार तो फोटो दोन वेळा काढतात. एकदा कोणीतरी बाळाचे मनगट धरून ठेवते, दुसऱ्यांदा डोके धरून ठेवते, आणि मग संगणकावर दोन्ही फोटो जोडून धरणाऱ्याचे हात पुसले जातात. बाळाला एक क्षणही सोडलेले नसते. हे माहीत नसलेला नवशिका मात्र हात सोडून पाहतो, जसा मी पाहिला. मी शिकले त्या स्टुडिओत फोटो जोडण्याचे तंत्र मला शिकवले गेले, पण ते बाळासाठी का वापरतात हे कोणी सांगितले नाही.

त्या दिवशीचे काम मी सोडून दिले नाही. बाळ उबेत आल्यावर, दूध पिऊन झाल्यावर, काकूंनी त्याला नेहमीप्रमाणे पाय लांब करून पायावर घेतले, दुपट्यात गुंडाळले, आणि मी जमिनीवर बसून त्याच उजेडात फोटो काढले. गुंडाळतानाही त्यांनी मला दाखवले की हात आवळले तरी चालतात, पण पाय सरळ ओढून घट्ट बांधायचे नाहीत, गुडघे दुमडून बेडकासारखे सैल राहू द्यायचे, नाहीतर खुब्याचे सांधे बिघडतात. दुपट्यातल्या बाळाचा हात दचकून उडत नाही, म्हणून झोप मोडत नाही, आणि झोप मोडली नाही की फोटोही चांगला येतो. घरच्यांनी मोठा करून भिंतीवर लावला तो फोटो याच वेळचा आहे. टोपलीतला एकही त्यांना दिला नाही.

दोन चुका मात्र नंतर घरी बसून केल्या, आणि त्याही सांगितल्या पाहिजेत. बाळाच्या गालावर आजीने काजळाची तीट लावली होती. मला ती डाग वाटली आणि संगणकावर मी ती साफ पुसून टाकली, चेहऱ्याची कातडीही गुळगुळीत केली. फोटो हातात घेतल्यावर आजी पहिले वाक्य बोलल्या ते हे: "अवं माय, तीट कोठी गेली लेकराची?" मला उत्तर देता आले नाही. काजळ डोळ्यांत घालू नये असे डॉक्टर सांगतात आणि ते योग्यच आहे, पण गालावरची तीट ही त्या घराने त्या बाळावर केलेली माया आहे, आणि ती पुसण्याचा मला काही अधिकार नव्हता. मी तीट असलेला मूळ फोटो पुन्हा छापून दिला.

दुसरी चूक याहून मोठी. पहिले काम झाल्याच्या उत्साहात मी त्यातला एक फोटो माझ्या व्हॉट्सॲप स्टेटसला लावला. बाळाच्या वडिलांकडचे लोक अजून बाळ पाहायला आलेलेही नव्हते. त्यांच्या गावातल्या कोणीतरी तो पाहिला, आणि नातवाचे तोंड घरच्या आजीच्या आधी साऱ्या गावाने पाहिले म्हणून बाळंतिणीला फोनवर बोलणी खावी लागली. माझ्यामुळे ओल्या बाळंतिणीच्या डोळ्यांत पाणी आले. त्यानंतर मी कायदा पाहिला. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल आणि त्याउलट काही करार झालेला नसेल, तर त्याच्या प्रताधिकाराचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो, काढणारा नव्हे. म्हणजे तो फोटो माझा नव्हताच. "माझे काम आहे, मी दाखवणार" असे आमच्या व्यवसायात सर्रास म्हटले जाते आणि आईबापही मुकाट्याने ऐकून घेतात. त्यांनी ऐकून घेऊ नये. फोटो कोठे लावायचा, लावायचा की नाही, हे पैसे ठरवतानाच कागदावर लिहून घ्यावे. मी आता एका पानाचा मराठी करार करते, त्यात दर, फोटोंची संख्या, द्यायची तारीख आणि ही परवानगी, एवढेच असते.

माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे की बाळाचे काम घेण्याआधी त्यांनी आपल्या गावच्या आशाताईंबरोबर दोन-चार घरभेटींना जावे, किंवा न्हाऊ घालणाऱ्या बाईजवळ चार सकाळी बसावे. याला पैसे लागत नाहीत. नखे कापलेली, अंगठी-कडे काढलेले, हात साबणाने धुतलेले असावेत. स्वतःला सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे ढकलावी. बाळ अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेले असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय काम घेऊच नये, मग विसार परत करावा लागला तरी बेहत्तर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि टिनाच्या छताखाली दुपारी मोठ्या माणसालाही बसवत नाही, म्हणून उन्हाळ्यातले काम सकाळी लवकर उरकावे. आणि मुलींनी या कामात यावे. सव्वा महिना बाळंतीण खोलीबाहेर निघत नाही आणि पुरुष छायाचित्रकाराला त्या खोलीत सहज जाता येत नाही, म्हणून बाळ तिच्यापासून दूर ओसरीत आणले जाते. छायाचित्रकार बाई असेल तर बाळ आईच्या कुशीतच राहते, मध्येच पाजता येते, आणि ऊबही तुटत नाही.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. तान्ह्या बाळाचा फोटो राहून गेला म्हणून काही बिघडत नाही. उष्टावणाच्या वेळी बाळ सहा महिन्यांचे होऊन बसू लागलेले असते, संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात ते हलव्याचे दागिने घालून बोरे-चुरमुऱ्यांना हात घालते, जावळाच्या दिवशी मामाच्या मांडीवर असते. या वेळी बाळ स्वतःच्या बळावर बसलेले असते, आपल्याकडे बघून हसते, आणि कोणाला त्याची मान धरावी लागत नाही.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक मागणे. ज्या पानावर असे फोटो आपण छापता, त्याच पानावर, हनुवटीखाली हात घेतलेला फोटो दोन फोटो जोडून तयार होतो आणि घरी तसा प्रयत्न करू नये, अशी एक ओळ ठळक अक्षरांत द्यावी. आमच्या गावात पेपर पारावर वाचला जातो. ती ओळ नक्की वाचली जाईल.

आपली,
एक नवशिकी छायाचित्रकार,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ