रस थांबत नाही, माती थांबते

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुला स्टँडवर सोडून घरी आलो तर तुझी आई म्हणाली, "पोरगीनं रस्सा वाढून घेतला आणि थंड करून खाल्ला." तांबडा रस्सा थंड करून खाणारं माणूस आपल्या घरात आजवर झालं नव्हतं, म्हणून हे पत्र. फोनवर बोलायला गेलं की तू "बाबा, पाच मिनिटांत करते" म्हणतेस आणि रात्री अकराला करतेस. तेव्हा मला झोप आलेली असते आणि तुला बोलायचं त्राण नसतं. धाकट्याला सांगून या कागदांचे फोटो तुला व्हॉट्सॲपवर पाठवतोय. कधी वाचायचे ते तुझं तू ठरव.

गच्चीवर तू मला मोबाइलमधली कामांची यादी दाखवलीस. ४७ कामं, त्यातली ३१ लाल. लाल म्हणजे तातडीची, असं तू म्हणालीस. त्या वेळी मी हसलो, त्याचा तुला राग आला असावा. हसलो ते तुझ्यावर नाही. मला आमच्या फाउंड्रीतल्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातल्या, शॉपमधला फळा आठवला. त्यावरही एक काळ असा आला होता, की प्रत्येक ओळीपुढं लाल खडूनं 'अर्जंट' लिहिलेलं असायचं. शेवटी लाल खडू संपला आणि पांढऱ्यानं लिहिलेलं एकमेव काम सगळ्यांच्या डोळ्यांत भरायला लागलं.

मी १९८६ साली उद्यमनगरात कामाला लागलो तेव्हा फाउंड्रीत क्युपोला भट्टी होती. तळाशी कोक पेटवायचा, वरनं पिग आयर्न (कच्चं लोखंड), भंगार, चुनखडी आणि पुन्हा कोक असे थर सोडायचे, ब्लोअर लावायचा आणि खालच्या तोंडातनं लोखंडाचा रस काढायचा. मनात आलं आणि पेटवली, असली ही भट्टी नव्हे. काम संपलं की तळाचं दार पाडून उरलेली आग खाली सोडायची आणि दुसऱ्या दिवशी माणसानं आत शिरून अस्तर लिंपायचं. त्यामुळं आमच्याकडं ओतणी आठवड्यातनं दोनदाच असायची, बुधवारी आणि शनिवारी. बाकीचे सगळे दिवस त्या दोन संध्याकाळींसाठी जगायचे. माती मळा, पॅटर्न (नगाचा नमुना) लावा, त्याच्याभोवती मातीनं बॉक्स (साच्याची चौकट) भरा, नगातल्या पोकळीसाठी कोअर बसवा. बुधवारी चार वाजता किती बॉक्स तयार असणार हे सोमवारी सकाळी पोऱ्यालासुद्धा ठाऊक असायचं. नियोजन हा शब्द कुणी वापरत नव्हतं, पण भट्टी महाग होती, म्हणून सगळे शहाणे होते.

मग इंडक्शन भट्टी आली. वीज चालू केली की तासा-दीड तासात रस तयार. आम्हाला वाटलं, आता सुटलो. झालं उलटंच. रस कधीही मिळतोय म्हटल्यावर गिऱ्हाईक कधीही फोन करायला लागलं, मालक कधीही हो म्हणायला लागले आणि मी दिवसभर या बॉक्सवरनं त्या बॉक्सवर माणसं हलवत बसलो. तुझ्या हातातल्या मोबाइलचं मला तेच वाटतं. निरोप पाठवायला कष्ट पडत होते तोवर माणूस विचार करून पाठवत होता.

त्या दिवसांतली एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी नव्हती. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. तीन गिऱ्हाइकांना मी स्वतः शब्द दिला होता, "शनिवारी माल देतो." एकाच्या पंपाच्या बॉड्या, एकाचे फ्लायव्हील, तिसऱ्याचे किरकोळ ब्रॅकेट. शुक्रवारी सकाळी पंपवाल्याचा फोन आला म्हणून सगळे मोल्डर (साचे भरणारे) पंपाला लावले. अकराला फ्लायव्हीलवाला दारात येऊन बसला, म्हणून चौघांना तिकडं वळवलं. दुपारी ब्रॅकेट आठवले. संध्याकाळी भट्टीत रस तयार, आणि ६० बॉक्स लागणार होते तिथं ३५ सुद्धा बंद झालेले नव्हते. रस भट्टीत धरून ठेवला. वीज जळत राहिली, लोखंडाचा गुण उतरत राहिला. लेडलमध्ये (रस ओतायच्या भांड्यात) इनॉक्युलंट, म्हणजे लोखंडाचा गुण सुधारणारा मसाला, टाकलं आणि पुन्हा कोअर सापडेना म्हणून थांबलो. त्याचा असर काही मिनिटांतच ओसरतो, हे मला पाठ होतं. तरी थांबलो. शेवटी घाईनं ओतलं.

दुसऱ्या दिवशी बॉक्स फोडले. ज्या बॉड्या वरनं चांगल्या दिसत होत्या त्यांच्यावर केसाएवढी रेघ होती. आमच्यात त्याला कोल्ड शट म्हणतात. रस दोन बाजूंनी येतो, मध्ये भेटतो, पण थंड पडलेला असल्यानं जुळत नाही. ३८ नग भंगारात गेले आणि तिन्ही गिऱ्हाइकांची दिवाळी मी खराब केली. एक जरी नीट धरलं असतं तरी एक तरी हसला असता. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आमच्या शॉपमध्ये गडहिंग्लजकडचे एक म्हातारे मोल्डर होते. शिक्षण चौथी. मी भंगाराच्या ढिगाजवळ उभा होतो तर तंबाखू मळत आले आणि म्हणाले, "सायेब, रस थांबत न्हाई, माती थांबती. तुमी उलटं केलासा."

एवढंच बोलले. पुढची पंचवीस वर्षं मी त्यावर काढली.

तुझ्या ४७ कामांत बघ, रस कुठला आणि माती कुठली. रस म्हणजे जे एकदा सुरू झालं की वेळेत ओतावंच लागतं, नाहीतर वाया जातं. गिऱ्हाइकाला शब्द दिलेला दिवस. दुसरा माणूस हात बांधून तुझ्या उत्तराची वाट बघतोय ते काम. आजारी सहकाऱ्याची जबाबदारी. अशी कामं दिवसाला दोन-तीनच निघतील. बाकीची माती. ती थांबते. पण ती आधी तयार नसेल तर रस कुठं ओतणार? म्हणून आमचा पुढं नियम झाला, की बॉक्स मोजल्याशिवाय भट्टीची वीज चालू करायची नाही. तू उलट करतेस असं मला दिसलं. दर मीटिंगमध्ये एक नवी भट्टी पेटवून येतेस, "करते मी" म्हणून, आणि बॉक्स एकही भरलेला नसतो.

आणि माती थांबते म्हणजे कायमची थांबते असंही नाही हं. भरलेला साचा फार वेळ उघडा ठेवला तर वाळून कडा ढासळतात. कोअर पावसाळ्यात नुसते पडून राहिले तर ओल धरतात आणि मग कास्टिंगमध्ये भोकं पडतात. ते सर्टिफिकेटचं शिक्षण तू दोन वर्षं "पुढच्या महिन्यात" करते आहेस, ते या जातीचं.

आता उद्दिष्टाचं. तुमच्या साहेबांनी महिन्याला इतकी तिकिटं (कॉम्प्युटरवर नोंदलेली कामं) बंद करायची असं ठरवून दिलंय म्हणालीस. आम्हालाही टनांवर टार्गेट होतं. महिन्याला किती टन ओतलं तेवढंच मोजायचे. मग आम्ही काय केलं? जाडजूड, सोपे, वजनदार नग आधी ओतले. टन भरले, बक्षीस मिळालं, आणि नाजूक कोअरचा माल, ज्याला खरा पैसा होता, तो मागं पडला. रिजेक्शनही वाढलं, कारण भंगारात गेलेला नगसुद्धा ओतलेल्या टनांत धरला जायचा. पुढं आम्ही गिऱ्हाइकानं स्वीकारलेले नग मोजायला लागलो तेव्हा पहिला महिना फळ्यावरचा आकडा बघवत नव्हता. पण खरा होता. साहेबांचा आकडा तू पाळच, नोकरी आहे. पण शेजारी स्वतःचा एक आकडा लिही, की या महिन्यात माझं कुठलं काम परत आलं नाही.

दुसरं, अंदाज. तू प्रत्येक कामाला "दोन दिवस" म्हणतेस, हे तुझ्या तोंडूनच ऐकलं. आमचा पॅटर्नवाला कायम आठ दिवस म्हणायचा. मी पाच वर्षांच्या डायऱ्या काढल्या (बेअरिंगच्या दुकानातनं दिवाळीला मिळायच्या त्या, माळ्यावर अजून आहेत, तुझी आई रद्दीत घालायला टपलेली आहे). त्यात त्याचा माल सरासरी बाराव्या दिवशी आलेला होता. तो खोटं बोलत नव्हता. त्याला मनापासून आठच वाटायचे. तेव्हापासून तो आठ म्हणाला की मी बारा धरायचो आणि आमचं भांडण मिटलं. तूही पंधरा दिवस लिहून ठेव, कुठल्या कामाला किती म्हणालीस आणि किती लागले. मनाला विचारू नकोस, डायरीला विचार.

त्याच डायरीत मी एकदा आठवडाभर माझे स्वतःचे तास लिहिले होते. रोज दहा तास शॉपमध्ये, आणि माझं म्हणावं असं काम जेमतेम अडीच तास. बाकी सगळं कुणीतरी हाक मारली म्हणून. पुढं वीज मंडळानं रात्री दहा ते सकाळी सहाच्या विजेला सूट दिली तेव्हा आम्ही मोठ्या हीट (लोखंड वितळवायच्या फेऱ्या) रात्रीवर नेल्या. काम तेच, वीज तीच, पण स्वस्त. माणसाचेही असे स्वस्त तास असतात. तू शाळेत असल्यापासून पहाटे गणितं सोडवणारी. दहावीला तर दूधवाला यायच्या आधी तुझा एक धडा व्हायचा. आता सकाळी सात ते दहा तू काय करतेस? मेल वाचतेस. सगळ्यात चांगली वीज दिवे लावण्यात घालवतेस.

राहिलं नाही म्हणण्याचं. हे मलाही जमलं नाही लवकर, तेव्हा ज्ञान पाजळत नाही. जुलै-ऑगस्टात आपलं अख्खं गाव एकच आकडा विचारत असतं, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. ३९ ला आपल्या गल्लीत पाण्याचा थेंब नसतो, तरी नदीकाठची माणसं सामान वर चढवतात, जनावरं हलवतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, तेव्हा ज्यांनी ३९ ला हालचाल केली त्यांची निदान कागदपत्रं वाचली. तू मात्र ४३ झाल्यावर मला फोन करतेस, आणि साहेबांना तर ५० ला सांगतेस. तुझी इशारा पातळी तू आधीच ठरव. एका वेळी पाच कामं का सहा, ते तुलाच माहीत.

राधानगरीला तू सहलीला गेली होतीस. धरण भरलं की ते सात दरवाजे आपोआप उघडतात. कुणी "जरा ॲडजस्ट करा" म्हटलं म्हणून थांबत नाहीत. खालच्या गावांना त्रास होतो, हे खरं. म्हणून तर त्यांना आधी सांगतात. तूही पाणी सोडायच्या आधी सांग. "जमणार नाही" तोंडातनं निघत नसेल तर एवढं म्हण, "करते, पण यातलं मागं काय ठेवू ते तुम्ही सांगा," आणि ती यादी पुढं कर. साहेब चांगला असेल तर निवडेल. नसेल तर तेही कळेल.

आणि बॉक्स लवकर फोडायचा नसतो. ओतल्यावर कास्टिंग साच्यातच निवू द्यावं लागतं. घाईनं बाहेर काढलं तर तडकतं, नाहीतर इतकं कडक होतं की मशीनवर टूल लागत नाही. गेल्या तीन महिन्यांत तू एकही पूर्ण सुट्टी घेतलेली नाहीस, हे मला धाकट्यानं सांगितलं. त्याला रागवू नकोस.

आईनं कांदा-लसूण चटणी केली आहे. शेजारचा मुलगा शुक्रवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते म्हणाली. स्टीलचा डबा परत आण. मागचे दोन तुझ्याकडंच आहेत, आणि ती ते मोजते.

तुझे,
बाबा