तिला काय कळतंय म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या शेती पुरवणीत अंड्यांच्या कोंबड्या पिंजऱ्यातच ठेवणं बरं असं सांगणारा जो लेख छापलात तो वाचून रात्रभर चिडचिड झाली, म्हणून हे पत्र. छापाल अशी फार आशा नाही, पण वाचा तरी.

लेखकांचं सगळं म्हणणं मला खोटं वाटत नाही. जमिनीवर अंडी घाण होतात, रोग पसरतो, मुंगूस शिरलं की एका रात्रीत शेड साफ, हे खरंच आहे. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालोय, कोंबड्यांना राणीखेत रोगाच्या लशी करत गावोगाव फिरलोय, त्यामुळे पोल्ट्रीवाल्याचं दुखणं मला सांगू नका. पण ते एक वाक्य आहे ना, की पिंजऱ्यातल्या पक्ष्याने बाहेरचं जग पाहिलेलंच नसतं त्यामुळे त्याला कशाची उणीव भासत नाही, तिथे माझं डोकं फिरलं. हे त्यांना कोंबडीने येऊन सांगितलं का?

आता माझं ऐका. नोकरीत असताना एका शेडवर लॉट निघत होता. लेअरचा म्हणजे अंड्यांसाठी पाळलेला पक्षी सव्वा-दीड वर्षाचा झाला की अंडी कमी होतात, मग तो कल म्हणजे बाद माल म्हणून गाडीत भरतात, कवडीमोल भावाने. मालक म्हणाला, डॉक्टर, न्या दोन-तीन रश्श्याला. नेल्या तीन. दोघींचा रस्सा झाला, तिसरीला गुरुवार आडवा आला म्हणून ती वाचली, आणि मग घरातल्या पोरांनी तिला कापूच दिली नाही.

ती कोंबडी अंगणात ठेवली तर ठेवली तिथेच उभी. चालता येईना. तारेच्या जाळीवर नखं झिजत नाहीत, ती वाढून वाकडी झालेली, मान बाहेर काढून काढून गव्हाणीच्या पत्र्याला मानेची पिसं घासून गेलेली, चोच तर लहानपणीच कापलेली. पाय उचलायची आणि कुठे टाकायचा ते कळत नसल्यासारखा हवेत धरायची. आमच्या सौ. म्हणाल्या, ही काय जगत नाही. पण जगली. आणि थोडी सावरल्यावर एक दिवस कढीपत्त्याच्या झाडाखाली कोरडी माती होती तिथे जाऊन बसली, पायाने माती उकरली, अंग एका कुशीवर टाकलं, पंख फुगवून माती पिसांच्या आत घेतली, मग दुसऱ्या कुशीवर. चांगली लोळली, उठली, झटकली, धुरळा उडाला. मी बघतच राहिलो. अहो, ही मशीनमध्ये उबवलेली, आई कधी बघितली नाही, माती कधी बघितली नाही, हिला धुळीची अंघोळ कोणी शिकवली? उणीव भासत नाही म्हणे! भासत नसती तर माती दिसल्यावर पहिलं हेच काम कशाला केलं असतं?

अंडं द्यायच्या वेळी तर तिचा नुसता जीव वरखाली व्हायचा. घरभर फिरायची, कोपरे धुंडायची, शेवटी चपलांच्या रॅकच्या खालच्या कप्प्यात शिरायची आणि तिथेच द्यायची. सौ. रोज ओरडायच्या, ती रोज तिथेच. कोंबडीला अंडं द्यायला आडोसा लागतो हे आपल्या आज्यांना माहीत होतं, म्हणून त्या खुराड्यात पेंढा टाकायच्या. मी ज्या शेडमधून तिला आणली तिथे 15 बाय 12 इंचाच्या खणात तीन पक्षी, म्हणजे एकीच्या वाट्याला 60 चौरस इंच. कसला आडोसा आणि कसलं काय. पंखही धड पसरता येत नाही. 2019 मध्ये केंद्राने नियमांचा मसुदा काढला त्यात पक्ष्यामागे 550 चौरस सेंटिमीटर जागा सांगितली होती, ती सुद्धा ए-फोर कागदापेक्षा कमीच भरते, आणि तरी त्यावर केवढी ओरड झाली! 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम 11 आहे, प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही असल्या पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे असं त्यात चक्क लिहिलंय. विधि आयोगाने 2017 मध्ये याच विषयावर आख्खा अहवाल दिला, 269 वा. तुमच्या लेखात त्यातलं अक्षर नाही. जागा कमी पडली असेल, खाली खाद्याच्या कंपनीची जाहिरात होती ना.

आणि पिंजरा काढा म्हटलं की लगेच, मग काय कोंबड्या रानात सोडायच्या का. कोण म्हणतंय सोडा? गादी पद्धत काय परदेशातून आणायचीय? भाताचं तूस टाकून, बसायला दांड्या आणि अंड्यांसाठी खोकी ठेवून आपल्याकडेच लोक लेअर पाळायचे. मेहनत जास्त आहे, माणूस जास्त लागतो, गादी वरचेवर हलवावी लागते नाहीतर अमोनियाने डोळे चुरचुरतात, अंडं महाग पडतं. मान्य. युरोपियन युनियनमध्ये असले साधे पिंजरे 2012 पासून बंद आहेत, मोठे सुधारलेले तेवढे चालतात, तिथला शेतकरी काय पोल्ट्री सोडून बसला नाही.

ग्राहक जास्त पैसे देणार नाही असं लेखात म्हटलंय, हे तर सगळ्यात मोठं हसू आहे. गावरान म्हटलं की आपला माणूस डोळे झाकून दुप्पट पैसे मोजतो की! आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून मी परवाच अर्धा डझन गावरान आणली, उकडायला टाकली तर पाणी चहासारखं आणि अंडी पांढरीफेक. चहाच्या पाण्यात बुडवून रंगवलेली. दुकानदाराला दाखवलं तर म्हणतो काका, माल वरूनच असा येतो. वरून म्हणजे कुठून, आकाशातून? म्हणजे पैसे द्यायला लोक तयार आहेत, फक्त जे मिळतं ते खरं नाही. माझी भाची जर्मनीत असते, तिथे प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो, 0 म्हणजे सेंद्रिय, 1 मोकळ्यावरची, 2 शेडमध्ये जमिनीवरची, 3 पिंजऱ्यातली. एवढं इथे करा. ज्याला 3 नंबर परवडतं त्याने 3 नंबर खावं, मी नावं ठेवणार नाही. पण ट्रेवर हिरव्या कुरणाचं चित्र आणि आत पिंजऱ्यातली अंडी, ही फसवणूक तरी बंद होईल.

लेखाच्या शेवटी गरिबाच्या तोंडचं अंडं जाईल म्हणून जो गळा काढलाय त्यावर एवढंच विचारतो, शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा निधी राज्य सरकारने 2025 च्या जानेवारीत थांबवला तेव्हा ही पुरवणी कुठे होती? तेव्हा गरिबाची आठवण नाही आली. कोंबडीला चार इंच जागा द्या म्हटलं की बरा गरीब आठवतो.

ता. क. : बाजारभावाच्या चौकटीत तुम्ही अंड्याचा दर कधी शेकड्याला छापता, कधी डझनाला, आणि मंगळवारी तर दोन्ही नव्हतं, नुसताच आकडा. याबद्दल आधीही लिहिलं होतं. कोणीतरी बघा जरा.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, बारामती