जुनी वस्तू घेतलीत ना, मग पुरावा तुम्ही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातल्या अमुक म्युझियमने अमुक मूर्ती परत केली अशा बातम्या हल्ली बऱ्याचदा येतात, दोन्हीकडचे अधिकारी फोटोत हसत उभे असतात, वाचून आनंद होतोच. पण ती वस्तू तिथे पोचली कशी आणि घेणाऱ्याने कुठले कागद बघून पैसे मोजले, हे त्या बातमीत क्वचितच येतं.

इजिप्तमधल्या नेजेमांख नावाच्या पुजाऱ्याची सोन्याचा मुलामा दिलेली शवपेटी २०११ च्या तिथल्या उठावाच्या धामधुमीत लुटली गेली आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ती पॅरिसच्या एका डीलरकडून सुमारे ४० लाख डॉलरला घेतली. सोबत १९७१ चं एक्स्पोर्ट लायसन्स होतं, ते चक्क बनावट निघालं. २०१९ ला पेटी इजिप्तला परत गेली. एवढ्या मोठ्या म्युझियमला बनावट कागद ओळखता येत नसेल तर बाकी खरेदीदारांचं काय बोलायचं!

सांस्कृतिक वस्तूंची चोरटी ने-आण रोखण्यासाठीचा युनेस्कोचा १९७० चा करार महत्त्वाचाच आहे, पण त्यात असं आहे की वस्तू परत मागणाऱ्या देशाने सगळे पुरावे स्वतःच्या खर्चाने द्यायचे आणि घेणाऱ्याने नकळत घेतली असेल तर त्याला भरपाईही द्यायची. म्हणजे ज्याच्या घरी चोरी झाली त्यानेच धावपळ करायची. म्युझियममधून चोरीला गेलेल्या वस्तूची निदान नोंद असते, फोटो असतो, पण रात्रीतून जमीन उकरून काढलेल्या मूर्तीचा फोटो कुठून आणणार, ती जगात आहे हेच उकरणाऱ्याशिवाय कुणाला माहीत नसतं. इंटरपोलची चोरीच्या कलाकृतींची यादी आता आयडी-आर्ट अ‍ॅपवर कुणालाही फुकट बघता येते, सोय फार चांगली आहे, पण यादीत नाही म्हणजे माल स्वच्छ असं कुणी समजू नये. शिवाय अशा खोदकामात ती वस्तू कुठल्या थरात होती, तिच्या शेजारी काय होतं ही माहिती कायमची जाते, ती कुठलंच म्युझियम परत करू शकत नाही आणि मला जास्त दुःख त्याचं वाटतं.

चोरीच्या सांस्कृतिक वस्तू परत करण्याबद्दल १९९५ ला रोममध्ये झालेल्या युनिड्रॉ या आंतरराष्ट्रीय करारात बेकायदा खोदून काढलेली वस्तू चोरीचीच धरलीय, आणि भरपाई हवी असेल तर आपण आधी नीट चौकशी केली होती हे घेणाऱ्याने सिद्ध करायचं. हे बरोबर आहे. पण अमेरिका आणि ब्रिटन, जिथे या वस्तूंचे मोठमोठे लिलाव होतात, ते या करारात नाहीतच.

युरोपियन युनियनने मात्र २८ जून २०२५ पासून चांगला नियम लागू केलाय. २५० वर्षांपेक्षा जुनी, उत्खननातली वस्तू युरोपबाहेरून आणायची तर आधी इम्पोर्ट लायसन्स घ्या आणि ती मूळ देशातून कायदेशीर बाहेर पडली हे तुम्हीच दाखवा. फक्त त्यातही एक फट ठेवलीय, ती अशी की वस्तू २४ एप्रिल १९७२ च्या आधीच मूळ देशाबाहेर गेली होती आणि नंतर दुसऱ्या एखाद्या देशात पाच वर्षांहून जास्त राहिली असं दाखवलं तर त्या दुसऱ्या देशाचे कागद चालतात. आता तस्कर बनावट कागदावर कुठली साल टाकतील ते सांगायला नको, त्या शवपेटीच्या लायसन्सवरही १९७१ च होतं.

म्हणून मला वाटतं की मोठा बाजार असलेल्या प्रत्येक देशाने हा नियम करावा पण ही फट न ठेवता, आणि कागद कितीही जुना असला तरी तो ज्या देशाने दिला त्याच्या पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय लिलावही होऊ नये आणि विक्रीही. त्या खात्यांनीसुद्धा जुनी एक्स्पोर्ट रजिस्टरं स्कॅन करून ठरावीक मुदतीत उत्तर द्यायला हवं, आणि ज्या गरीब किंवा युद्धात होरपळलेल्या देशांना ते परवडत नाही त्यांचा खर्च या व्यवहारांवर कमिशन कमावणाऱ्या लिलाव कंपन्यांकडून घ्यावा.

आपला,
एक नियमित वाचक