रुळाला तडा आणि एसओएमची केटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार

जरा थंडी पडली की तुमच्याकडे ती बातमी येतेच, रुळाला तडा, लोकल उशिरा, आणि खाली ठरलेली ओळ, थंडीमुळे रूळ आकुंचन पावल्याने तडा गेला. मी मुलुंडला इंजिनीअरिंगच्या पोरांच्या शिकवण्या घेतो, बहुतेक सेकंड इयरची, एसओएम म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सला केटी लागलेली, म्हणजे त्या विषयात नापास होऊन पेपर परत द्यावा लागणारी. त्या दिवशी निम्मी पोरं तुमच्या बातमीमुळेच उशिरा येतात, मग मी पण पुस्तक बाजूला ठेवून ती ओळच फळ्यावर लिहितो आणि विचारतो यात चूक काय.

चूक ही की रूळ आकसला असता तर काहीच झालं नसतं! मोकळा पडलेला रूळ थंडीत आकसतो, उन्हात लांबतो, आत ताण शून्य. पण पूर्वी दोन रुळांमधे फट असायची (तो जुना खडखड आवाज आठवत असेल), आता वेल्ड करून लांबच्या लांब सलग रूळ टाकतात, स्लीपरला क्लिपांनी आवळलेला, खाली खडी, म्हणजे त्याला आकसायचंय पण जागचं हलता येत नाही. मग तो आतल्या आत ताणला जातो.

यावर एक मुलगा मला म्हणाला, सर, लांबी बदललीच नाही तर स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानाने झालेला बदल) शून्य, आणि स्ट्रेन शून्य तर हूकच्या नियमाने (जितका स्ट्रेन तितक्या प्रमाणात स्ट्रेस) स्ट्रेस, म्हणजे आतला ताण, पण शून्य ना? प्रश्न एकदम बरोबर आहे आणि माझ्या मते कॉलेजात हा प्रश्न विचारायची वेळच येऊ देत नाहीत, थेट फॉर्म्युला, थेट सम. उत्तर असं की २५ डिग्री उतरल्यावर एक किलोमीटरचा रूळ मोकळा असता तर ३० सेंटिमीटर आखूड झाला असता, आपण त्याला तसं होऊ दिलं नाही, म्हणजे आखूड झालेला रूळ पकडून परत ३० सेंटिमीटर ओढल्यासारखंच झालं की. ही ओढ म्हणजे स्ट्रेस देणारा स्ट्रेन, टेपने मोजलात तर दिसणारच नाही.

आता आकडा काढा. स्टीलचा यंग्ज मॉड्युलस (स्ट्रेनला याने गुणलं की स्ट्रेस मिळतो) साधारण २,००,००० मेगापास्कल (म्हणजे चौरस मिलिमीटरला तेवढे न्यूटन), डिग्रीमागे प्रसरण ०.००००१२, फरक २५ डिग्री, तिन्हींचा गुणाकार ६० मेगापास्कल. मी हा सम मुद्दाम लांबी न देता घालतो आणि दरवेळी कोणीतरी ओरडतंच, सर लांबी द्यायला विसरलात. लांबी लागतच नाही, एक मीटर काय आणि एक किलोमीटर काय! ६० किलोचा रूळ (मीटरला ६० किलो वजनाचा) धरला तर छेद (आडवा कापला तर दिसणाऱ्या तोंडाचं क्षेत्रफळ) साधारण ७,७०० चौरस मिलिमीटर, म्हणजे एकेका रुळात जवळपास ४७ टनांची ओढ. दहाएक हत्ती झाले. आणि मे महिन्यात तोच रूळ उलटा दाबला जातो, तेव्हा भीती तुटायची नाही, बाजूला वाकायची.

पण थांबा, ६० मेगापास्कलने रूळ तुटत नाही. रुळाच्या नेहमीच्या स्टीलची ताकद निदान ८८० मेगापास्कल. मग तुटतो कसा? कारण कुठेतरी आधीच बारीक चीर असते, वेल्डमधे किंवा बोल्टच्या भोकाशी, रोज चाकांच्या माराने ती थोडी थोडी वाढत असते. रुंद पट्टीत साधं गोल भोक असलं तरी त्याच्या कडेला स्ट्रेस तिप्पट होतो, टोकदार चिरेला तर त्याहून कितीतरी जास्त. वेफर्सच्या पुडीला कडेला खाच असते ना, तिथून पुडी टर्रकन फाटते, आणि खाच नसली की दातच लावावे लागतात, तेच हे. म्हणून थंडी निमित्त, चीर आधीची, आणि म्हणूनच पहाटेच्या गारठ्यात रूळ तपासत चालत जाणाऱ्या माणसाचं काम मला फार मोठं वाटतं. त्याच्याबद्दल तुमच्या बातमीत एक ओळही नसते हो.

पटत नसेल तर तुम्हीच छापलेले फोटो बघा, तुटल्यावर मधे फट पडलेली असते. तुटल्याबरोबर दोन्ही तुकडे मागे सरकले, म्हणजे आकसायला मिळालं ते तुटल्यावर, आधी नाही.

तेव्हा पुढच्या थंडीत 'आकुंचन पावल्याने' ऐवजी 'आकुंचन पावता न आल्याने' एवढं छापाल का? जागा थोडीशीच जास्त लागेल, आणि माझी पोरं ते कात्रण परीक्षेच्या आदल्या रात्री नक्की वाचतील, पुस्तक नाही वाचलं तरी.

आपला,
एक शिकवणीवाला, मुलुंड पूर्व