माघारीची तारीख आणि शिपायाचा पगार

संपादक महोदय,
स. न.

परकीय फौजा एखाद्या देशातून परतणार असल्या, की सगळी चर्चा तारखेभोवती फिरते. ती तारीख मात्र बहुधा परतणाऱ्यांच्या घरच्या राजकारणातून ठरते. मागे राहिलेल्या देशात सुव्यवस्था टिकणार की नाही, हे चौकीवरच्या स्थानिक शिपायाला पगार, शिधा आणि दारूगोळा वेळेवर मिळतो का, यावर अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे.

अफगाणिस्तानातून दोन महासत्ता परतल्या, त्यांची तुलना या दृष्टीने करण्यासारखी आहे. सोव्हिएत सैन्याची शेवटची तुकडी 15 फेब्रुवारी 1989 रोजी सीमेवरच्या अमू दर्या नदीवरील पूल ओलांडून परतली, तेव्हा अफगाण अध्यक्ष नजीबुल्ला यांचे सोव्हिएत-समर्थित सरकार काही महिन्यांचेच सोबती आहे, असा बहुतेकांचा कयास होता. प्रत्यक्षात त्या सरकारच्या फौजेने जलालाबादवरील मुजाहिदीनांचा (सरकारविरोधी बंडखोरांचा) मोठा हल्ला एकटीने परतवला आणि पुढे तीन वर्षे तग धरला, कारण मॉस्कोहून शस्त्रे, इंधन आणि धान्य येतच राहिले होते. डिसेंबर 1991 मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, तो ओघ आटला, आणि पैशाच्या बळावर बांधून ठेवलेल्या टोळ्यांचे सरदार, दोस्तम त्यांत प्रमुख, मुजाहिदीनांना जाऊन मिळाले. एप्रिल 1992 मध्ये सरकार संपले. (सोव्हिएत आक्रमणाचे समर्थन करण्याचा येथे मुळीच हेतू नाही; त्या दशकात अफगाण जनतेने जे सोसले त्याला तोड नाही.)

अमेरिकेच्या वेळी याच्या उलट घडले. 29 फेब्रुवारी 2020 रोजी दोहा येथे तालिबानशी करार झाला, आणि ज्या सरकारने पुढे देश सांभाळायचा होता ते त्या करारात पक्षकारच नव्हते. अफगाण हवाई दलाची विमाने दुरुस्त करणारे परदेशी कंत्राटी तंत्रज्ञही सैन्याबरोबर निघून गेले. दूरच्या चौक्यांवरील अनेक शिपायांना महिनोन्‌महिने पगार मिळालेला नव्हता, रसद पोहोचत नव्हती. अशा शिपायाने शेवटच्या गोळीपर्यंत लढावे अशी अपेक्षा वॉशिंग्टनमध्ये बसून करणे सोपे होते. काबूल 15 ऑगस्ट 2021 रोजी पडले आणि शेवटचे अमेरिकी विमान 30 ऑगस्टला उडाले. माघार पूर्ण होण्याआधीच सरकार नाहीसे झाले होते.

इराकमध्ये चूक माघारीच्या वेळी नव्हे, तर प्रवेश करतानाच झाली. मे 2003 मध्ये इराकमधील अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या प्रशासनाने आधी सद्दाम हुसेन यांच्या बाथ पक्षाच्या वरिष्ठ सदस्यांना सरकारी सेवेतून काढले आणि लगोलग सैन्यच बरखास्त केले. शस्त्रे चालवता येणारी लाखो माणसे एका आदेशाने बेकार झाली. पुढे नवे सैन्य उभारले गेले, अमेरिकी फौजा डिसेंबर 2011 मध्ये बाहेर पडल्या, आणि जून 2014 मध्ये मोसुल शहर ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस पंतप्रधान अबादी यांनी जाहीर केले, की हजेरीपटावर 50,000 सैनिक असे होते जे कामावर नव्हतेच. पगार निघत होता, पण चौकीवर माणूस नव्हता.

आपणही याला अपवाद नाही. श्रीलंकेतून भारतीय शांतिसेना मार्च 1990 मध्ये परतली, तेव्हा ईशान्य प्रांतात आपल्या पाठबळावर उभे केलेले प्रांतिक सरकार आणि त्याचे स्वयंसेवक दल तिच्या पाठोपाठ कोसळले, आणि त्या दलाची बरीच शस्त्रे लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेच्या हाती गेली. सुमारे 1,200 भारतीय जवानांनी तेथे प्राण गमावले होते.

म्हणून विनंती अशी, की सैन्यमाघारीच्या करारांच्या बातम्या देताना तारखेच्या मथळ्याखाली दोन ओळी आणखी असाव्यात: त्या देशातील पोलिसांचा आणि सैनिकांचा पगार यापुढे कोण देणार, आणि किती वर्षे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक