कामाच्या खात्याविषयी, आई-बाबांना

ती. आई व बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, इन्स्टाग्रामवरच्या माझ्या पार्लरच्या कामाच्या खात्यावर तुम्ही यापुढे लिहिलेल्या कमेंट तुमच्या-माझ्याशिवाय कोणालाही दिसणार नाहीत. ही व्यवस्था मीच केली आहे. तिला रिस्ट्रिक्ट म्हणतात. ती ज्याला लावली त्याला कसलीही सूचना जात नाही आणि त्याचे लिखाण त्याला नेहमीसारखेच दिसत राहते. मी गप्प राहिले असते तर तुम्हाला कदाचित कधीच कळले नसते. पण तुम्ही रोज हौसेने लिहावे आणि ते कोणापर्यंत पोहोचत नाही हे फक्त मला ठाऊक असावे, हे मनाला पटेना. ही सोय २०१९ मध्ये आली ती लोकांना ऑनलाइन छळणाऱ्यांना आवर घालण्यासाठी, आणि मी ती वापरली ती स्वतःच्या वडिलांसाठी, याचे वाईट वाटतेच.

कारण तुम्ही ओळखले असेल. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी फेशियलनंतर चेहरा लाल झाल्याची तक्रार माझ्या खात्यावर लिहिली, तेव्हा त्या मुरुमांसाठी कोणते उपचार घेत आहेत हे तुम्ही तिथेच, सर्वांसमोर लिहिलेत. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि लेकीवरचा आरोप तुम्हाला सोसवला नाही यात नवलही नाही. दादाच्या वेळीही तुम्ही असेच उभे राहिला होतात. परंतु आमच्याकडे येणारे माणूस मेकअप उतरवून, डाग, व्रण, विरळ झालेले केस दाखवत समोर बसते, ते या गोष्टी खोलीबाहेर जाणार नाहीत या भरवशावर. आधीचा आणि नंतरचा फोटोसुद्धा मी त्यांच्या लेखी संमतीशिवाय लावत नाही. तुमची कमेंट मी लगेच काढली, पण कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो माझ्या हातात राहत नाही.

आई, तुझे प्रकरण सौम्य आहे, तरी आहेच. मी उन्हापासून त्वचा जपण्याविषयी लिहिले आणि खाली तू चेहऱ्याला लिंबू चोळण्याचा उपाय सुचवलास. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर ती भाजल्यासारखी होते आणि काळे डाग बराच काळ राहतात. मी गिऱ्हाइकांना हेच सांगत असते. तुझी त्वचा आजही माझ्यापेक्षा नितळ आहे हे मान्य, पण वाचणाऱ्यांना ते दिसत नाही. शिवाय माझ्या टेबलाचा फोटो तू कौतुकाने टाकलास, त्यात बाजारात न आलेल्या एका क्रीमची बाटली दिसत होती. बाजारात येण्याआधी ती कोणाला दाखवायची नाही, असे त्या कंपनीशी केलेल्या करारात स्पष्ट लिहिलेले आहे.

हे नियम फक्त तुम्हालाच आहेत असे समजू नका. गिऱ्हाइकाचा राग, दुसऱ्या पार्लरची टिंगल, कोणाच्या रंगावरून केलेला विनोद, यांतले काहीही मी माझ्या खासगी खात्यावरही लिहीत नाही, कारण काम देण्याआधी कंपनीची माणसे जुन्या पोस्टही चाळतात. व्यावसायिक खाते इन्स्टाग्रामवर खासगी करता येत नाही, म्हणूनच दोन वेगळी खाती ठेवली आहेत आणि कामाच्या खात्यावरचे घरचे सगळे फोटो मी काढले. काढले म्हणजे टाकून दिले नाहीत. ते अर्काइव्हमध्ये जसेच्या तसे आहेत.

खासगी खात्यावर मात्र तुम्ही दोघेही आहात आणि राहाल. तिथे हवे ते, हवे तेवढे लिहा. कामाचे फोटो मी रोज रात्री आपल्या घरच्या ग्रुपवर पाठवीन, म्हणजे शोधत बसावे लागणार नाही. बाबांच्या फोनमधली अक्षरे मोठी करून देण्याचे मी पुढच्या भेटीत करीनच. बाबा, मला तुमची लाज वाटते अशी शंकाही मनात आणू नका. मी लहानपणी तुमच्या गालांपर्यंत फासलेली लिपस्टिक न पुसता तुम्ही पाहुण्यांना दार उघडायला गेला होतात. हा धंदा मी तुमच्याच चेहऱ्यावर शिकले, आणि इतका निमूट बसणारा माणूस मला नंतर भेटला नाही.

आता ऐका. माझ्याविषयी कोणी वाकडे लिहिले तर उत्तर न देता मला फोन करायचा. रात्री दहानंतर कमेंट वाचायच्या नाहीत. रक्तदाब कशाने वाढतो हे डॉक्टरांनी सांगितले आहे, पुन्हा माझ्याकडून ऐकायची वेळ आणू नका. मला टॅग करायचे नाही. आई, फोटो टाकण्याआधी मागे काय ठेवले आहे ते चष्मा लावून पाहायचे आणि शंका आली तर आधी मला पाठवायचा. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस चोवीस तासांत जाते म्हणून तिथे चालेल, असेही नाही, कारण तुमच्या यादीत माझी काही गिऱ्हाइके आहेत.

रविवारी सकाळी फोन करते. बाबांना राग आला असेल तर तो तेव्हा माझ्यावर काढावा, तोवर आईवर काढू नये.

तुमची,
लेक